पाण्यावरच्या खोलीतून राहेराताईला

बुधवार, ९ ऑगस्ट
दुपार

ताई,

अक्षर ओळखून पाकीट फाडून टाकायच्या आत एवढं वाच. कुणी गेलेलं नाही. माझ्याकडून पत्र म्हणजे मयताची खबर, असंच तुला वाटणार. सहा वर्षांपूर्वी माझा नवरा, पुनुआ, गेला तेव्हा लिहिलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस, पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे नुमेआतला पत्ता तोच आहे असं धरून चालते. तिन्ही मुलगे धडधाकट आहेत. मीही, एक गुडघा सोडला तर.

कुठून लिहितेय ते सांगितलं तर हसशील. हॉटेलच्या सत्तावीस नंबरमधून. पाण्यावरच्या खोल्यांची जी रांग आहे ना, तिच्या टोकाची. तू नुमेआला गेलीस तेव्हा हॉटेल उघडून चार वर्षंच झाली होती, पण मी पहिल्या दिवसापासून इथे खोल्या आवरत होते हे तुला आठवत असेल. या जूनमध्ये निवृत्त झाले. एकोणतीस वर्षं झाली. त्याबद्दल हॉटेलनं मला आठवडाभर राहायला दिलंय. पाहुणी म्हणून. एकटीच आहे.

पण मला इथे राहताच येत नाही, ताई. आज सकाळी उठले आणि पहिल्यांदा पलंग आवरला. मग न्हाणीघर पुसलं. मग टॉवेलांच्या घड्या घातल्या. मेहेरिओ आली, माझ्याच हाताखाली शिकलेली, आता तिच्या मुली कॉलेजात आहेत, आणि ढकलगाडी दारात ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशी, पाहुण्यांनी पलंग आवरायचा नसतो. आणि आवरलाच तर इतका चांगला आवरायचा नसतो. साहेबांना वाटेल मी केलाय, मग रोज तसाच मागतील." मी तिला कॉफी दिली. ती उभ्यानंच प्यायली, कारण पाहुण्यांच्या खुर्चीवर आम्ही बसत नाही. मी बसले होते. दोघींनाही अवघड झालं.

खोलीच्या जमिनीत एक काच बसवलेली आहे, खालचं पाणी दिसावं म्हणून. ही काच मी एकोणतीस वर्षं गुडघ्यांवर बसून पुसली आणि खाली कधी पाहिलं नाही. आपल्याला डाग बघायचे असतात, मासे नाही. काल पहिल्यांदा पाहिलं. बाबांबरोबर आपण शिंपले काढायला यायचो तीच जागा आहे ही. उलट्या होडीसारखं ते पोवळं, ज्यावर तुझी पोटरी फाटली होती, ते बरोबर या खोलीखाली आहे. त्यावर आता जिवंत काही नाही. आकार तोच आहे.

एवढंच. सहज लिहावंसं वाटलं.

तितौआ

गुरुवार, १० ऑगस्ट
सकाळ

ताई,

कालचं पत्र टाकलं नाही. त्यात दोन गोष्टी खोट्या आहेत, आणि खोटंच लिहायचं तर इतक्या वर्षांनी लिहायचं कशाला.

हॉटेलनं मला केक दिला, शिंपल्यांच्या माळा घातल्या, आणि मॅनेजरनं माझं नाव चुकवत भाषण केलं. राहायला त्यांनी दिलेलं नाही. आणि मी एकटी नाही. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर ती झोपली आहे. तिला जाग येऊ नये म्हणून मी न्हाणीघरात बसून लिहितेय.

वैआता आली आहे.

हे नाव मी इतक्या वर्षांत कुणापुढे घेतलं नाही, आणि तुझ्यापुढे घ्यायला तर मला तोंडच नाही. नाव तूच काढलं होतंस, ती माझ्या पोटात पाच महिन्यांची असताना. मुलगीच होणार असं तूच ठरवलं होतंस. मी पोर तुला दिली नाही, पण नाव तुझंच सांगितलं. त्या फ्रेंच लोकांनी ते मधे घातलं. सोलेन वैआता. तिच्या पासपोर्टावर आहे, काल तिनं दाखवलं.

तिला वाढवणारी ओडिल फेब्रुवारीत गेली. नवरा आधीच सोडून गेला होता, पोर नऊ वर्षांची असताना. आजारपणात ओडिलनं तिला सगळं सांगितलं. माझं नाव, हॉटेलचं नाव, खोलीचा नंबर. एप्रिलमध्ये तिनं हॉटेलला लिहिलं की तितौआ नावाच्या बाई अजून कामाला आहेत का. मॅनेजरनं मला ऑफिसात बोलावलं तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी अंगठी हरवली. पत्र वाचून दाखवल्यावर मी म्हटलं, "त्यांना सांगा, आहे." आणि पुढच्या खोलीत जाऊन चादरी बदलल्या. त्या दिवशी माझ्या अकरा खोल्या होत्या, अकराही केल्या.

गावात, फानुईला, आपल्या घरी उतर म्हणून मी कळवलं होतं. तिला हीच खोली हवी होती. ओडिलनं तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते इथे. लाकूड तीनदा बदललं, केवड्याच्या पानांचं छप्पर चारदा, नंबर तोच आहे. तिला माहीत नाही की त्यानंतर पंचवीस वर्षं हीच खोली माझ्याकडे होती. मेहेरिओ बदलून घ्यायला तयार होती. मीच नाही म्हणायचे.

मंगळवारी धक्क्यावर माळ घेऊन उभी होते. बोटीतून बरेच गोरे उतरले आणि एक आपली. चालणं आईचं, ताई. डावा पाय जरा बाहेर टाकत. माझ्या तिघांपैकी एकाचंही तसं नाही.

तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "नमस्कार, मादाम. तुम्ही आलात." मी म्हटलं, आमच्याकडे कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, पाद्र्यालासुद्धा नाही. ती हसली. मग काय म्हणू, असं विचारलं. मी म्हटलं, तितौआ म्हण, म्हातारी म्हण, तोंडात येईल ते म्हण. संध्याकाळी मीठ मागताना ती "मामा तितौआ" म्हणाली, आईला म्हणतात तसं, आणि स्वतःच लाजली. मी मीठ द्यायचं विसरले.

उठली वाटतं. थांबवते.

शनिवार, १२ ऑगस्ट
सकाळ

ताई,

हेही पत्र टाकलं नाही. आधी सगळी लिहिते, मग ठरवते.

न्याहारी इथे होडीतून येते. फुलांनी सजवलेली होडी खोलीच्या पायऱ्यांना लावतात आणि सज्जावर टेबल मांडतात. परवा आणणारा माझ्या थोरल्याच्या वर्गातला होता. त्यानं माझ्यापुढे फळांची बशी ठेवताना मान इतकी खाली घातली की मला त्याला एक चापट द्यावीशी वाटली.

तो गेल्यावर तिनं विचारलं. पावाला लोणी लावता लावता, माझ्याकडे न बघता.

"तुला तीन मुलगे होते. त्यांना ठेवलंस. मलाच का दिलंस?"

उत्तर माझ्याकडे एप्रिलपासून तयार होतं. मी म्हटलं, आमच्याकडे पोर पोसायला देतात. फेकत नाहीत, देतात, ज्याच्या घरात नाही त्याला. मी म्हटलं, पुनुआचं काम सुटलं होतं, मी पस्तिशीला आलेले, तू चौथी. तू शिकावीस, मोठी व्हावीस, म्हणून काळजावर दगड ठेवला. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या बाईच्या बाबतीत खरं आहे. पुनुआचं काम खरंच सुटलं होतं. पण ते कारण नव्हतं.

ती रडली. मग तिनं माझा हात धरला. तिचा हात मऊ आहे. शाळेत मुलांना चित्रकला शिकवते, बोटांना निळा रंग लागलेला आहे. म्हणाली, "मला आयुष्यभर वाटायचं की माझ्यात काहीतरी कमी होतं. तू माझ्यासाठी केलंस. मी तुझे आभार मानायला आलेय, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं."

मी म्हटलं, खा.

आजवर मला कुणी काय काय बोललं ते तुला ठाऊक आहे. तितौआनं पोर गोऱ्यांना विकली, असं चर्चच्या पायऱ्यांवर मला ऐकू जाईल असं बोलले. तूही तसंच समजली असशील. त्यांनी मला काही दिलं नाही. जाताना ओडिल आपली छत्री विसरून गेली, तेवढी घरात आहे. हे सगळे बोल मी पचवले. पण तिचे आभार दोन दिवस झाले तरी पचत नाहीत.

तिला वाटतं मी थोर आहे. काल माझ्या गुडघ्याला तेल चोळून दिलं तिनं. पाहुण्यांसाठी ठेवलेलं, वासाचं. मी नको म्हणाले नाही. तेही लिहून ठेवते, नको म्हणाले नाही. डोळे मिटून पाय पुढे केला.

रविवार, १३ ऑगस्ट
संध्याकाळ

ताई,

आज तिला फानुईला नेलं. चर्चमध्ये माझी जुनी टोपी घालून माझ्या शेजारी बसली. गाणी सुरू झाली तेव्हा ती आजूबाजूला बघत राहिली, पुरुषांचे आवाज खालून यायला लागले तसे तिनं बाकाची कड घट्ट धरली. शब्द कळत नव्हते तरी रडत होती. बायकांनी मागून माझ्या पाठीवर हात ठेवले. पायऱ्यांवर बोलणाऱ्या त्याच बायका.

मग घरी जेवण. जमिनीतल्या भट्टीतलं डुक्कर, नीरफणस, अळूचे कंद, नारळाच्या दुधातला कच्चा मासा. धाकटे दोघे तिला चिडवत होते, ती एकदाच सगळं ताटात घेते म्हणून. धाकटा म्हणाला, "ही नक्की आपलीच आहे, आधी वास घेते आणि मग खाते, आईसारखी." ती सगळ्यांनंतर हसायची, कारण मधला तिला फ्रेंचमध्ये सांगेपर्यंत बाकीचे हसून मोकळे झालेले असायचे.

जेवण झाल्यावर ती उभी राहिली. तिला बोलायचं होतं. म्हणाली की तुमच्या आईनं मला प्रेमानं दिलं, आणि मला तिच्याबद्दल अभिमान आहे. मधल्यानं भाषांतर केलं. धाकट्यानं टाळी वाजवली. थोरला उठून स्वयंपाकघरात गेला.

मी मागे गेले. तो पाठमोरा ताटं धूत होता. तेव्हा चौदा वर्षांचा होता तो, ताई. तू आलीस त्या दिवशी तो ओट्यावर होता. तुला वल्हं देऊन होडीपर्यंत पोचवायला तोच आला होता. मला म्हणाला, "आई, राहेरामावशीचं नावसुद्धा घेतलं नाहीस तू तिच्यापुढे. तू सांग. नाहीतर मी सांगतो."

त्यालाही पूर्ण माहीत नाही. तुलाही नाही. म्हणून तिच्याआधी तुला लिहिते.

आई गेली तो जानेवारी आठव. मला सातवा महिना होता. पोर तुझी, हे ठरून तीन महिने झाले होते. तू तुझी तिन्ही बाळं जन्मतःच पुरली होतीस, एकोणचाळिशी आली होती, आणि मी स्वतःहून येऊन म्हटलं होतं की हे तुझं. तू माझ्या पोटावर डोकं ठेवून बसलीस ती संध्याकाळ मी खोटी म्हणणार नाही. तेव्हा मी मनापासून दिली होती.

आईच्या मातीनंतरच्या जेवणाला तुम्ही सगळ्या जणी स्वयंपाकघरात नारळ खवत होतात. मी बाहेर, खिडकीखाली भांडी घासत होते. कुणीतरी विचारलं, तितौआला जड नाही जाणार पोर द्यायला? आणि तू म्हणालीस, "तिला? तिची मांजरीची जात आहे. एक पिल्लू उचललं तर मोजायलासुद्धा जायची नाही."

सगळ्या हसल्या. तूही हसलीस.

मी आत येऊन तुला विचारायला हवं होतं. भांडायला हवं होतं, केस ओढायला हवे होते, लहानपणी ओढायचो तसे. मी भांडी घासली, पालथी घातली, आणि आत येऊन तुमच्याबरोबर जेवले. पण त्या दिवसापासून तुझा हात पोटावर आला की माझी कातडी आखडायची. तू विचारायचीस, दुखतंय का? मी म्हणायचे, हो, पाठ.

मार्चमध्ये ती झाली. तिसऱ्या आठवड्यात, शनिवारच्या बोटीनं तू शेजारच्या रायातेआ बेटावरून तिला न्यायला येणार होतीस. त्याच आठवड्यात मी कामावर परतले, आणि सत्तावीसमध्ये ओडिल होती. त्यांना मिळणार असलेल्या पोराच्या आईनं आयत्या वेळी नाही म्हटलं होतं. ती पलंगावर बसून रडत होती आणि मी तिच्याभोवती चादर बदलत होते. तिनं विचारलं नाही. मीच म्हटलं. "माझ्याकडे आहे," असं म्हटलं, जसं उशीबद्दल म्हणतात.

पुनुआ म्हणाला, तुझ्या बहिणीला शब्द दिलाय. मी म्हटलं, माझं पोट, माझा शब्द. त्यानं कागदावर सही केली आणि तीन दिवस घरी आला नाही. गुरुवारी मी तिला कामाच्या बोटीतून इथे आणलं.

शनिवारी तू दारात होतीस. गोधडी काखेत. हिरव्या-पांढऱ्या नक्षीची, मी सांगितल्यापासून शिवत होतीस. "झोपलीय का?" असं हळू आवाजात विचारलंस. मी म्हटलं, "दिली. फ्रान्सच्या लोकांना." तू आत वाकून पाळण्यात बघितलंस, मी खोटं बोलतेय का म्हणून. मग वळलीस.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. तू होडीत बसेपर्यंत मी दारात उभी राहून ते बरं वाटण्याची वाट बघितली.

तुला शिक्षा दिली आणि गुन्हा सांगितला नाही. महिनाभरात तू आणि तुझा नवरा तिहोती नुमेआला गेलात, निकेलच्या खाणीत त्याला काम मिळालं म्हणून. सगळे म्हणाले, कामासाठी गेले.

त्या स्वयंपाकघरात सगळ्या तुझ्याकडे कीव करून बघत होत्या, धाकट्या बहिणीपुढे ओंजळ करावी लागली म्हणून. तू थट्टा करून स्वतःला सोडवलंस, एवढंच. हे मला तीच वाक्यं मनात घोळवून घोळवून कळलं, पण कळलं तेव्हा पोर शाळेत जायला लागली होती. ओडिलकडून तिचे फोटो तीन वर्षं आले. मग बंद झाले.

सोमवार, १४ ऑगस्ट
दुपार

ताई,

सांगितलं.

सज्जावर, न्याहारी उचलून नेल्यावर. माझी फ्रेंच खोल्या आवरण्याची आहे. टॉवेल, साबण, लगेच आणते, माफ करा. मांजरीला शब्द होता, सूडाला नव्हता. मी म्हटलं, माझ्या बहिणीला दुखवायला. तू जन्मायच्या आधीच मी तुला तिला दिलं होतं, आणि तिला दुखवायला तिच्याकडून काढून घेतलं. तुला गरिबीमुळे नाही दिलं. तुझ्या शिक्षणासाठी नाही. तू समोर होतीस, म्हणून.

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण बोलले.

तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी बघत होते. राग मला चालला असता. ती म्हणाली, "तुमच्या बहिणीनं मला मागितलं होतं?"

मी म्हटलं, हो. तुझं नावही तिचंच. आणि गोधडीचं सांगितलं.

"कसली होती गोधडी?"

हिरवी-पांढरी. नीरफणसाच्या पानांची. इतके बारीक टाके की उलटी बाजू कुठली ते कळायचं नाही.

ती म्हणाली, "म्हणजे मी कुणालातरी हवी होते." मला उद्देशून नाही. स्वतःशीच, जरा नवल वाटल्यासारखं.

मग पायऱ्या उतरून पाण्यात शिरली आणि पोहत दूर गेली. पोवळ्याच्या बांधापर्यंत गेली असेल. ओरडून बोलवावं तर कुठल्या नात्यानं? मी टॉवेल घेऊन पायरीवर उभी राहिले. तेवढं मला येतं.

परत आली. टॉवेल घेतला. म्हणाली, "आभारी आहे, मादाम. तुमच्या बहिणीचा फोन नंबर मिळेल का?"

मादाम. आणि तुम्ही. आवाज चढवला नव्हता, ताई, उलट फार सभ्य होती. इथले चांगले पाहुणे आमच्याशी बोलतात तशी.

नंबर माझ्याकडे नव्हता. थोरल्यानं शोधून दिला.

मंगळवार, १५ ऑगस्ट
दुपार

ताई,

आज सकाळी झालेलं बोलणं तुला ठाऊकच आहे. इकडून कसं होतं ते लिहिते.

तिला धीर होत नव्हता. फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून, तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. मी आत जायला निघाले तर म्हणाली, राहा म्हणून, तुमची बहीण फ्रेंच बोलली नाही तर मला लागाल. म्हणून मी दाराजवळ थांबले.

तू उचललास. तुझा आवाज भरला आहे गं. आईसारखा झालाय.

तिनं सांगितलं, "मी वैआता." पुढे काय बोलायचं ते तिनं कागदावर लिहून ठेवलं होतं, पण तिला तो कागद सापडेना, समोरच असून.

तुझ्याकडे कोंबडा आरवत होता. तारखेच्या रेषेपलीकडे तुमच्याकडे बुधवार उजाडत होता ना. तो दोनदा आरवला. मला वाटलं तू फोन ठेवणार.

मग तू फ्रेंचमध्ये म्हणालीस, "कुठल्या विमानानं येतेस?"

तिनं तिकीट काढलंच नव्हतं. तरी म्हणाली, या आठवड्याच्या.

"एकटी?"

"हो."

"मी घ्यायला येते."

"मला ओळखाल कशा?"

"ओळखीन," म्हणालीस, आणि ठेवलास.

मी हातभर अंतरावर होते. तू माझ्याबद्दल विचारलं नाहीस, तिनं मी इथे आहे असं सांगितलं नाही. दोघींनाही मी दोष देत नाही. मला फक्त तुला सांगायचंय की मी तिथे होते, आणि तुझा श्वास मला ऐकू आला.

ती तिकिटाच्या मागे लागली. मी आत येऊन पलंगाची चादर काढली आणि पुन्हा घातली. मेहेरिओ आली, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि आज थट्टा केली नाही. दुसऱ्या बाजूला जाऊन तिनं चादरीची दोन टोकं धरली.

बुधवार, १६ ऑगस्ट
सकाळ

ताई,

तासाभरानं बोट आहे. इथून पापीतेला, तिथून विमानानं तुझ्याकडे. मी धक्क्यापर्यंत जाणार आहे. तिनं ये म्हटलं नाही, पण नकोही म्हटलं नाही.

काल संध्याकाळी मी तिला विचारलं, पुन्हा येशील का. ती खरं बोलणारी आहे. म्हणाली, "माहीत नाही. मी तुमच्यावर रागावलेली नाही, पण तुम्हाला बघितलं की मला माझी ओडिल आठवते, आणि आता ती वेगळीच आठवते. तिला माहीत नव्हतं ना हे?" मी म्हटलं, नव्हतं. ती बिचारी मला देवाघरची समजायची. "बरं," म्हणाली. तेवढ्यानं तिला जरा बरं वाटलेलं दिसलं.

ही सगळी पत्रं एका पाकिटात घालून तिच्याच हाती देतेय. तिला आपली भाषा वाचता येत नाही, पण यात तिच्यापासून लपलेलं आता काही उरलेलं नाही. तुला हवं तेव्हा वाच. नको असेल तर वाचू नकोस. माफी मागण्यासाठी लिहायला बसले होते, पण सात दिवसांत तो शब्द लिहायला कुठे जागाच मिळाली नाही, आणि आता घाईघाईत लिहिला तर तो बोटीसाठी लिहिल्यासारखा होईल.

ती आल्या आल्या तिला प्रश्न विचारू नकोस. दमलीस का, हे तर मुळीच नको, त्यानं ती चिडते. जेवायला वाढ. कच्चा मासा माझ्याकडे दोनदा खाल्ला, पण तो माझं मन राखायला, नंतर बराच वेळ पाणी पीत होती. तळलेला आवडतो. पपई नको. नीरफणस भाजलेला दे, करपलेली साल हातानं काढून खाते, आणि बोटं चाटते, कुणी बघत नाही असं वाटलं तर. कॉफीत साखर नाही. पोहून आली की उजवा कान दुखतो तिचा, सांगत नाही, पण मान तिकडे कलते. कोमट तेल घाल. केसांना हात लावू देते, आधी विचारावं लागतं. उजव्या कुशीवर झोपते, मूठ हनुवटीखाली घेऊन, आणि झोपेत बोलते, पण फ्रेंचमध्ये आणि फार भरभर, मला एकही शब्द लागला नाही. हसताना तोंडावर हात धरते. तो हात काढायला सांगू नकोस, आपोआप निघतो, मला दोन दिवस लागले.

आठ दिवसांत मला एवढंच कळलं. पुढचं तुला कळेल.

तितौआ